चोकची दांडी का तापली?

पेलेनाइसेला लहानपणापासून एक खोड होती. वस्तू बिघडली की नुसती दुरुस्त होऊन तिचं समाधान व्हायचं नाही. का बिघडली ते कळायला हवं. लिफुका बेटावरच्या आमच्या गावात ती मुलींना शिवण शिकवायची. मी तिची शेजारीण. एकदा शाळेतलं मशीन टाके सोडायला लागलं. मोठ्या बाईंनी एक थापटी मारली, मशीन चालू झालं. तरी हिनं ते उघडलंच. मुली सकाळभर बसून राहिल्या आणि मोठ्या बाई चिडल्या.

नवरा वारल्यावर त्याचा जुना पिकअप तिच्याकडे आला. फोआ बेटाला जोडणाऱ्या बांधावरून ती तो हाकायची. भरतीच्या लाटा दोन्ही बाजूंनी गाडीवर उडायच्या आणि पत्र्यावर मीठ साचायचं.

तिच्या भावाच्या मुलीचं लग्न फोआला होतं. आमच्याकडे आत्या चटईवर येऊन बसल्याशिवाय लग्नाचं पान हलत नाही. आम्ही विणलेल्या चटया आणि झाडाच्या सालीचं कापड मागं रचलं, वर मी बसले, आणि पेलेनाइसेनं चावी फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक. इंजिन काही बोलेना.

तिचा दीर मानासे समोरच जाळं विणत होता. तो मासेमार, होडीची इंजिनं त्याच्या हातातली. तो उठून आला.

"वहिनी, बॅटरी झोपली तुमची."

"मग दिवे कसे लख्ख आहेत? चावी फिरवली तरी मंद होत नाहीत."

"दिव्यांना काय, घोटभर पुरतं. स्टार्टरला हंडाभर लागतं." त्यानं आपल्या होडीची भरलेली बॅटरी आणून लावली. टक.

मग तो गाडीखाली शिरला, पान्यानं स्टार्टरवर हलकेच ठोकलं. "आता फिरवा!"

टक.

"स्टार्टर गेला," तो खालूनच म्हणाला. "राजधानीहून बोटीनं मागवावा लागेल. तोवर नवरी म्हातारी होईल."

"तुझ्या जिभेला काही हाड!" मी वरून ओरडले. "दुसरी गाडी बघ कुणाची तरी."

"बघतो. पण सगळे मेले आधीच लग्नाला गेलेत."

पेलेनाइसे आमच्याकडे लक्षच देत नव्हती. सवयीनं तिनं, थंड इंजिनाला ओढतात तशी, चोकची दांडी ओढून धरली होती. चावी फिरवली, आणि एकदम हात मागं घेतला.

"मानासे, चोकची दांडी तापलीय."

"उन्हानं असेल."

"गाडी फणसाच्या सावलीत आहे. हात लावून बघ."

त्यानं लावला आणि बोट तोंडात घातलं. "आई गं!"

"चोक म्हणजे नुसती ओढायची तार. तिच्यात वीज येतेच कुठून?" तिचे डोळे चमकायला लागले होते. लग्न, चटया, मी, सगळं ती विसरली. "आपली इस्त्री आठव. प्लगची पिन सैल होती तेव्हा ती पिन अशीच तापायची. म्हणजे इंजिनातून परत फिरणाऱ्या विजेला नेहमीची वाट बंद आहे. म्हणून ती चोकच्या तारेवरून घुसतेय. बारीक वाट, मोठी गर्दी."

मानासेनं डोकं खाजवलं. "अर्थिंग!" तो ओरडला आणि परत गाडीखाली गेला. इंजिनाला गाडीच्या अंगाशी जोडणारी तारांची वेणी त्यानं शोधून काढली. हात लावताच ती हिरव्या भुकटीसारखी झडली. मिठानं खाऊन टाकली होती. पेलेनाइसेनंही वाकून तिथं बोटं घालून बघितली.

त्यानं एका जाड जंपर वायरचं एक टोक बॅटरीच्या उण्या बाजूला आणि दुसरं थेट इंजिनाला लावून घट्ट बांधलं. पेलेनाइसेनं चावी फिरवली, आणि पिकअप असा गरजला की मी चटयांवरून पडतापडता राहिले.

लग्नात पेलेनाइसे काळ्या बोटांनी चटईवर बसली. नवऱ्यामुलाकडच्या म्हाताऱ्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. तिनंच मग त्यांना सगळी हकिगत सांगितली, अगदी चोकसकट. भाजलेलं डुक्कर थंड झालं, पण एकही उठली नाही.

तिचा लौकिक झाला. महिन्याभरात पाद्रीबाबांची गाडी टकटक करायला लागली, तर माणूस तिलाच बोलवायला आला. आम्ही गेलो. तिनं आत जिथं जिथं धातू होता तिथं हात फिरवला. काहीच तापलं नव्हतं. मानासेनं नुसते दिवे लावले, तर ते विझत्या निखाऱ्यासारखे.

"वहिनी, ही मात्र बॅटरीच."

"चुकलेच की मी," ती खदाखदा हसली. "पण मेली कशानं? नवी आहे म्हणतात ना?"

पाद्रीबाबांना घाई होती. "मानासे, दुसरी बॅटरी जोड बाबा, मला प्रार्थनेला जायचंय."

"थांबा थोडं," म्हणत पेलेनाइसे गाडीच्या डिकीत चढली आणि अंग मुडपून आडवी झाली. "आता वरून झाकण लावा."

पाद्रीबाबा माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले. त्यांनी भीतभीत झाकण लावलं.

आतून आवाज आला, "झाकण लागलं तरी इथला दिवा जळतोच आहे! घोटघोट करून बॅटरी हाच पितोय!"