ऑफिसातली श्रद्धांजली

पांढरे कपडे घालून यायचं, दंडाला लावायची काळी फीत ऑफिस देईल, कार्यक्रमानंतर समोसे आणि कॉफी आहे. मुंबईवरच्या हल्ल्याच्या स्मृतिदिनाचं आमच्या हेब्बाळच्या ऑफिसातलं हे आमंत्रण. समोशाचा उल्लेख ठळक अक्षरात होता.

अण्णा, माझा थोरला भाऊ, त्या हल्ल्याच्या रात्री तिथल्या स्टेशनवर मारला गेला. इथल्या चिकपेटेतल्या ज्या साड्यांच्या दुकानात तो कामाला होता, त्याच्यासाठी मुंबईला माल बघायला गेला होता आणि परतीच्या गाडीची वाट पाहत बसला होता. हे ऑफिसात कुणीतरी सांगितलं आणि एचआरची बाई लगबगीनं माझ्या टेबलाशी आली. आधी तोंड पाडलं, मग कामाचं बोलली. "फोटो मोठा आणि स्वच्छ हवा. हसतानाचा असेल तर फारच छान. आणि आईंना आणाल ना? पहिल्या रांगेत बसवू." मला शिसारी आली. कार्यक्रमाला शोभा आणणारं गिऱ्हाईक मिळालं होतं तिला.

मी सरळ नाही म्हणणार होते. पण चामराजपेटेत घरी येऊन चिडचिड केली आणि ती आईनं ऐकली. अण्णाचं श्राद्ध आम्ही तिथीनं करतो. ते आठवड्यापूर्वीच झालं होतं, गुरुजी आणि घरची चार माणसं, बस्स.

"एवढी माणसं त्याच्यासाठी जमणार म्हणतेस. मी येते की," आई म्हणाली आणि कपाटातून इस्त्रीची साडी काढून ठेवली.

मग मी एचआरच्या बाईला एकच अट घातली. हल्ल्याचा व्हिडिओ दाखवायचा नाही. आईनं त्यातलं काहीही पाहिलेलं नाही. इतकी वर्षं त्या दिवसांत मी टीव्हीची वायर काढून ठेवते आणि केबलवाल्याच्या नावानं खडे फोडते. अण्णा कसा गेला हे तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. बाई म्हणाली, "छे, छे, नुसता दिवा आणि फोटो."

दिवा लागला. आईनं हात जोडले. मोठ्या साहेबांनी भाषणात संकटकाळच्या एकजुटीवरून थेट वर्षअखेरच्या टार्गेटवर उडी मारली, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मग अंधार झाला आणि पडद्यावर स्टेशन आलं. पळणारी माणसं, फरशीवर विखुरलेलं सामान, आणि त्याला सिनेमासारखं संगीत. मी आईच्या डोळ्यांवर हात धरायला गेले. तिनं तो बाजूला सारला आणि पुढे वाकून बघत राहिली. शेजारचा एक जण फोनवर तिचाच चेहरा टिपत होता. त्याचा फोन हिसकावून फेकावासा वाटला.

दिवे लागताच एचआरची बाई डोळे पुसत आमच्याकडे आली.

"मी नको म्हटलं होतं," मी म्हणाले.

"पण बघा ना, सगळे किती भारावलेत!"

मागे समोशांचे डबे उघडले होते. आईला घेऊन तिथून निघायचं म्हणून मी तिचा दंड धरला. ती उठेना. पदरानं चष्मा पुसत होती.

"तिला म्हणावं, परत लाव," ती म्हणाली. "आणि स्वल्प हळू लाव. फार भरभर जातं ते. अण्णा कुठं बसलाय, मला दिसलाच नाही."