भिंतीकडे तोंड केलेले पणजोबा

अमेरिकेत, कॅरी गावात आमच्या शेजारच्या बाई ऐंशी ओलांडलेल्या, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. घर विकून वृद्धनिवासात जायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा सामान आवरायला मी शनिवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. मला दुसऱ्यांची कपाटं आवरायला आवडतात. नवरा म्हणायचा, "यार, आपल्या घरातलं एक कपाट तरी आवर!"

त्यांच्या गॅरेजमध्ये एक मोठं तैलचित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. मी ते वळवलं. दाढीवाला गृहस्थ, गळ्यात नगराध्यक्षाची जाडजूड साखळी.

"हे कोण?"

"माझे पणजोबा. स्कॉटलंडचे जमीनदार. डोंगरभर मेंढ्या होत्या. गावाला नळाचं पाणी त्यांनी आणलं, वाचनालय बांधलं. पुढच्या शनिवारी माझा मुलगा कचऱ्याचा मोठा डंपस्टर मागवतोय, त्यात जाणारेत ते."

"केलं काय त्यांनी?"

बाईंनी खोक्यातून एक फोटो काढला. तरुणपणी त्या मुद्दाम त्या गावी जाऊन पणजोबांच्या थडग्याचा फोटो काढून आल्या होत्या. दगडावर पणजोबांचं नाव, मग शेवाळाने झाकलेली अर्धी ओळ, आणि खाली एका बाईचं नाव. पणजीच्या पत्रांखाली असायचं ते नाव नव्हे. आडनावही पणजोबांचं नव्हे.

"भलत्याच बाईशेजारी झोपलेत. मग माझी पणजी कोण? त्यांचं लग्न तरी झालं होतं का? माझ्या आजीला इतक्या लहानपणी अमेरिकेला का पाठवून दिलं? माझ्या आईने हा विषय कधी काढू दिला नाही."

मी ताबडतोब निकाल दिला. "त्यात काय, लग्नात नाव बदललं असेल."

"अगं, आडनाव बदलतात. नाव कोण बदलतं?"

"माझं बदललं."

मग सांगणं आलं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. सासूबाईंनी निवडलेलं. त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही, पासपोर्टवरही ते नाही. पण सासरच्या कुलवृत्तांतात, म्हणजे सगळ्या घराण्याची वंशावळ छापलेल्या जाड पुस्तकात, नवऱ्याच्या नावापुढे तेच आहे.

"म्हणजे तुझी पणती पुस्तक बघून म्हणेल, या माणसाने भलतीशीच संसार केला!" बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या.

पण माझा निकाल चुकीचा होता, हे घरी भांडी घासताना लक्षात आलं. आमच्या रीतीने नाव बदललं, तरी आडनाव नवऱ्याचंच लागतं. इथे आडनावही पणजोबांचं नव्हतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. एकच केस बघून मत दिलं, तर ऑफिसात मला कुणी उभं करणार नाही.

सोमवारी कामावरून परस्पर त्यांच्याकडे गेले. फोटो फोनवर घेऊन मोठा केला आणि पणजोबांना सोडून मागचे दगड वाचायला लागले. पुरुषाचं नाव, खाली 'त्याची पत्नी', पुढे बाईचं नाव आणि वेगळंच आडनाव. दुसऱ्या दगडावर तेच. तिसऱ्यावर तेच.

"अख्ख्या गावाने एकदम भानगडी केल्या नसतील," मी म्हटलं. "तिथे बायका माहेरच्या आडनावाने पुरतात. शेवाळाखालीही 'त्याची पत्नी'च असणार."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "पण नाव? आणि तिचं माहेर मला ठाऊक नाही."

"पत्रं कुठायत?"

"सगळी वाचलीत मी."

त्यांनी पत्रं वाचली होती. पाकिटं नव्हती वाचली, कोण वाचतं? मी एकेक पाकीट उलटं करत गेले. एकात बापाने लेकीला लिहिलेलं पत्र होतं. आत मायन्याला पणजी सही करायची तेच छोटं, लाडाचं नाव. पाकिटावर मात्र तिचं पूर्ण नाव, दगडावर होतं तेच, आणि पुढे पणजोबांचं आडनाव. मागच्या बाजूला पाठवणाऱ्या बापाचं आडनाव. तेही दगडावरचंच.

बाईंनी ते पाकीट चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं.

"पन्नास वर्षं मी या माणसाला भिंतीकडे तोंड करून उभं केलंय," त्या म्हणाल्या. "वर्गातल्या पोराला करतात तसं."

"आजीला का पाठवलं, ते अजून कळलं नाही," मी आठवण करून दिली.

"ते मी तिथे जाऊन शोधीन. वृद्धनिवासात दुसरं करायचंय काय?"

शनिवारी डंपस्टर आला. त्यात दोन सोफे आणि एक गवत कापायचं यंत्र गेलं. पणजोबा मुलाच्या गाडीत पुढच्या सीटवर, बेल्ट लावून बसले. बाई मागे बसल्या, मांडीवर पाकिटांचं खोकं घेऊन.

काच खाली करून त्यांनी मला विचारलं, "तुझं ते तांदळातलं नाव काय गं?"

मी सांगितलं. त्यांनी ते पर्समधल्या डायरीत लिहून घेतलं, आणि त्यापुढे माझं खरं नावही.