पाठीवरची शिवण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि माझं काहीच तिच्यापासून लपून राहत नाही, असा तिचा पक्का समज आहे. सात पावसाळे झाले. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही कुरखेड्याचे नाही, म्हणून असेल. पण आधी मला थोडी बढाई मारू द्या. बढाई मारण्यासारखं माझ्याजवळ आहे, आणि ते खरं आहे.

रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे कुठल्याही रस्त्याने जा, अगदी मोहर्लीच्या बाजूला गेलात तरी चालेल. धानाच्या बांधीत वाकलेल्या बायांच्या पाठीवर निळं कापड दिसेल. मानेपासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारं, पोटाशी नाडीने बांधलेलं, दोन्ही हात मोकळे. तो पाठकोट. तो माझा! साध्या रेनकोटात रोवणी होत नाही, त्याचा पुढचा घोळ चिखलात लोळतो. छत्री धरावी तर रोप कोण लावणार? आठ-आठ तास वाकलेली पाठ भिजते, म्हणून फक्त पाठच झाकायची — एवढी साधी गोष्ट, पण ती सुचली मला, एका शिंप्याला. आज सत्तेचाळीस बाया दोन जिल्ह्यांत तो विकतात. पगार एकीलाही नाही. विकेल तिला कमिशन. तरी दरवर्षी मृगाच्या आधी माझ्या टिनाच्या शेडसमोर काम मागणाऱ्यांची रांग लागते.

सुरुवातीला मीही इतरांसारखाच शहाणा होतो. कमिशनवर माणसं ठेवायची तर बोलकी ठेवावीत, असं वाटायचं. तशी तिघं ठेवली. एक आधी विमा विकायचा, एक कीटकनाशकं, तिसरा काय विकायचा ते त्यालाच ठाऊक. तिघंही मोटरसायकल शेताच्या कडेला, धुऱ्यावर लावून बांधीतल्या बायांना पाठकोटाचे फायदे सांगायचे. बाया मान वर करून पाहायच्यासुद्धा नाहीत. जो आयुष्यात कधी रोवणीला वाकला नाही, त्याच्याकडून पाठीची गोष्ट कोण ऐकणार? महिनाभरात तिघंही पसार झाले.

मग पुढच्या वर्षी, मृगाच्या आधी, सिंधूबाई आली. आली होती ब्लाउज सैल करून घ्यायला. खुंटीवरचा पाठकोट तिने काढला, अंगावर टाकला, शेडमध्येच वाकून पाहिलं, आणि म्हणाली, "भाऊ, हे मी विकून पाहू का? रोवणी तं माह्या हातची हाय."

मी सांगितलं, पगार नाही. ती म्हणाली, चालते. मला आनंद झाला. का झाला, तेही आता सांगून टाकतो. पगारी माणूस चुकला तर ती चूक मालकाच्या अंगावर येते. कमिशनवाला चुकला तर त्याची चूक त्याच्याच पदरात राहते. हे मी तेव्हा कुणाला बोललो नव्हतो, पण मनात होतं.

सिंधूबाईचं माहेर वीसेक किलोमीटरवर, तलावाकाठी. घरचे मासे धरणारे, बाया दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाणाऱ्या. पहिलं गाठोडं घेऊन ती तिथेच गेली. दोन दिवसांत तीस पाठकोट संपवून परत आली. वहिनीने घेतला, काकूने घेतला, चुलत बहिणींनी घेतले. कमिशनवर विकणारा माणूस आधी आपल्याच माणसांत विकतो, दुसऱ्या कुणाकडे जाणार? त्या बायांनी माल पाहिला नव्हता. सिंधूबाईचं तोंड पाहिलं होतं.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगतो. चहा पिता पिता सांगतो, हसत सांगतो. पुढे मात्र —

रोवणीला आठवडा झाला नाही तोच पावसाची झड लागली. चौथ्या दिवशी सिंधूबाई शेडमध्ये आली, हातात एक पाठकोट. शेडमध्ये सिंधूबाईचं पाहून विकायला आलेल्या आणखी दोन बाया होत्या, माझी बायको होती. सिंधूबाई म्हणाली, "भाऊ, पाठीवरून पाणी आत येऊन राह्यलं म्हणतेत. काऊन?" आणि मग हळू आवाजात सांगितलं की वहिनी भर बांधीत, वीस बायांपुढे बोलली — नणंदबाईनं घरच्यायलेच गंडवलं.

मी पाठकोट हातात घेतला. उलटासुलटा करून पाहिला. डॉक्टर नाडी पाहतो तसा चेहरा केला असेल. मग म्हणालो, "उलटा घातला असेल. गुळगुळीत बाजू वर यायला पाहिजे. तू त्यांना हे सांगितलं होतंस का?"

तिने आठवून पाहिलं. आठवणार काय — तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं. पण ती माझ्यावर विश्वास ठेवून आठवत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "नाई भाऊ. माही चूक झाली."

चूक तिची नव्हती. गुळगुळीत बाजू वर असो की खाली, पाणी येणारच होतं. मला ठाऊक होतं.

कापडाचा पन्हा कमी पडला होता, म्हणून मी प्रत्येक पाठकोट दोन तुकडे जोडून शिवला होता. आणि जोड कुठे आला? बरोबर पाठीच्या मधोमध. प्लास्टिकच्या कापडावर सुई चालवली की प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. हे शिंप्याला कळत नाही? कळतं. म्हणूनच तर सिंधूबाईला गाठोडं देण्याच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः एक पाठकोट घालून अंगणातल्या नळाखाली वाकून उभा राहिलो होतो. सदरा काढून पाहिला. मानेपासून कमरेपर्यंत एक सरळ ओली रेघ. दोनशे नग शिवून तयार होते, रोवणी तोंडावर आली होती. मी सदरा दोरीवर वाळत घातला, आणि सकाळी गाठोडं तिच्या डोक्यावर दिलं.

त्या वर्षी भाऊबीजेला सिंधूबाई माहेरी गेली नाही. त्या दिवशी मी तिला कुरखेड्याच्या बाजारात पाहिलं, लसूण घेत होती. मी रस्ता बदलला.

पुढच्या वर्षी मी रुंद पन्ह्याचं कापड आणलं. अख्खी पाठ एका तुकड्याची, शिवण फक्त कडेला. सगळ्यांना म्हणालो, नवीन फॅशन काढली. जुने पाठकोट बदलून नवे फुकट दिले. लोक म्हणाले, माणूस दिलदार आहे. सिंधूबाई म्हणाली, "चूक माही, अन् भरून तुमी देता." मी तेही ऐकून घेतलं. चांगलं वाटलं ऐकताना, खोटं कशाला बोलू?

आणि आता जे सांगतो, त्यात माझा काहीच वाटा नाही. सिंधूबाईने ती न केलेली चूक मनाला लावून घेतली होती. वर्षभर तिने विचार केला आणि ठरवलं, यापुढे तोंडाने सांगून विकायचं नाही. नवा गठ्ठा घेऊन ती तडक माहेरीच गेली. मी गाडीवर सोबत होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. वहिनी दारात उभी, कपाळावर आठ्या. सिंधूबाईने राम राम केला नाही की काही नाही. पाठकोट वहिनीच्या अंगावर चढवला, नाडी बांधली, मान धरून तिला रोवणीला वाकवतात तशी वाकवली, आणि पाण्याने भरलेला गडवा तिच्या पाठीवर ओतला! सगळं गाव गोळा झालं. वहिनी सरळ झाली. पाठीमागे हात घालून ब्लाउज चाचपला. कोरडा. तिने गडवा परत भरला आणि सिंधूबाईच्या डोक्यावर पालथा केला. मग दोघी एकमेकींना धरून हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मला समोर उभं राहवेना. मी गाडीजवळ जाऊन उगाच दोऱ्या आवळत बसलो.

तिथून आमचा धंदा जो उठला तो उठलाच. आज सत्तेचाळीस जणींच्या पिशवीत एकेक गडवा असतो. मी नवीन बाई ठेवताना शिक्षण विचारत नाही, बोलता येतं का विचारत नाही. एवढंच पाहतो की दुसरीच्या पाठीवर पाणी ओतायची हिंमत आहे का. नागपूरच्या व्यापाऱ्यांनी पाठकोटाची नक्कल केली. गडव्याची कुणाला जमली नाही. सिंधूबाई आता सगळ्यांची मुख्य. स्वतःचं पक्कं घर बांधलं तिने. तिच्या वहिनीची मुलगीही आमच्याकडेच विकते. गावात तिचा शब्द माझ्यापेक्षा भारी आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे, अगदी छाती फुगून येते.

दरवर्षी मृगाच्या आधी शेडमध्ये नव्या बायांचं शिकवणं असतं. शिकवते सिंधूबाई. आधी ती स्वतःची गोष्ट सांगते. पहिल्या वर्षी मी लोकायले बराबर सांगतलं नाई, त्याहीनं कोट उलटे घातले, माल बदनाम झाला, माहेर तुटता तुटता वाचलं. चूक माही होती, भाऊची नाई. भाऊनं तं सांभाळून घेतलं मले. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो.

यंदाही तिने सांगितली. तीच सोन्यासारखी खणखणीत गोष्ट, शेवटी गडव्याचं पाणी, बायांच्या टाळ्या. टाळ्या चालू असतानाच ती माझ्याकडे वाकली आणि विचारलं, "बराबर सांगतलं न भाऊ?"

मी म्हणालो, "बराबर."