लाल दोऱ्याच्या दहा गाठी

गोर्ना रेका गावात मेंढ्या कोणी मोठ्याने मोजत नाही. मुलं तर नाहीच नाही. मोजलं की नजर लागते आणि नजर लागली की एक कमी होतं, अशी तिथली पक्की समजूत. "तुला मुलं किती?" असं एखाद्या बाईला विचारलं, तर ती म्हणते, "आहेत देवाच्या दयेने," आणि डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकते. शिरगणतीला आलेला सरकारी माणूस तीन दिवस थुंकी चुकवत फिरला आणि शेवटी अंदाजाने आकडे भरून डोंगर उतरून गेला.

अशा गावात वेलिका सरकारी सुईण म्हणून आली, आणि आली तीच मोजायला सांगत.

आली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. आता पन्नाशी उलटली होती. उंची अशी की गावातल्या प्रत्येक दारात तिला वाकावं लागे. पावलं अशी की दुकानात तिच्या मापाचे बूट फक्त पुरुषांच्या फळीवर मिळत. आवाज असा की समोरच्या डोंगरावरची मेंढपाळांची कुत्री उठून बसत. निम्मं गाव तिच्याच हातांनी जगात आलेलं, त्यामुळे सहकारी संस्थेचे अध्यक्ष जरा तावातावाने बोलायला लागले की ती म्हणे, "हळू रे. तुला मी उलटा धरून चापट मारलीय, ती विसरलास?" अध्यक्ष खाली बसत.

तिचं सांगणं साधं होतं. सातवा महिना सरला की रोज एकदा, जेवण झाल्यावर, डाव्या कुशीवर टेकून बसायचं आणि बाळ दहा वेळा हलेपर्यंत लक्ष द्यायचं. रोजच्यापेक्षा फार वेळ लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, तडक तिच्याकडे यायचं. बायका माना डोलवत. पुढच्या आठवड्यात वेलिका विचारी, "मोजलंस का गं?"

"हो मावशी."

"मग किती?"

"आहेत देवाच्या दयेने."

पहिली दोन वर्षं वेलिकाने नुसते दात-ओठ खाल्ले. मग तिच्या लक्षात आलं की या गावातली बाई रिकाम्या हाताने कधी बसत नाही. गाढवामागून चालतानाही तिच्या सुया चालूच असतात. तिने नवं फर्मान काढलं: पायमोजा विणायला घ्या, पांढऱ्या लोकरीचा. पोटात बाळ हललं की विणीत लाल दोऱ्याची एक गाठ. दहा गाठी झाल्या की थांबा, एक निळी ओळ घाला, दिवस संपला. ओठांवर आकडा येण्याचं कारणच नाही. दहा गाठी किती लांबीत बसल्या, ते वेलिका बोटांनी मापून पाही. दोन-तीन बोटांत बसल्या तर ठीक. वीतभर पांढरं गेलं की तिने पिशवी उचललीच.

बायका खूश. लाल दोरा तर नजर काढायला चांगलाच, आणि गाठ मारणं म्हणजे काही मोजणं नव्हे, ते विणकाम. एवढी युक्ती काढणाऱ्या वेलिकाला स्वतःला साधी सरळ वीणसुद्धा येत नव्हती. एकदा तिने हातमोजा विणायला घेतला होता. त्याला अंगठा दोन्ही बाजूंना आला, आणि तो पुढे कित्येक वर्षं दवाखान्यात किटली उचलायला वापरला गेला. पण विणलेलं वाचावं तर तिनेच. कुठलं पोर संध्याकाळी दंगा घालतं, कुठलं आईने दही खाल्लं की उड्या मारतं, हे ती पोर जन्मण्याआधी सांगे. शहरातला मोठा डॉक्टर पहिल्यांदा हे ऐकून खो खो हसला. दोन वर्षांनी त्याने बायकोसाठी हळूच लाल दोऱ्याची गुंडी मागून नेली.

त्या मार्चमध्ये नेदाचे दिवस भरत आले होते. नेदा सपाटीवरून लग्न होऊन आलेली, लाजरी, हाक मारली तरी दचकणारी. तिची सासू झाफिरा. झाफिरा म्हणजे मूठभर बाई, पण तीन खोऱ्यांत तिच्यासारखं विणणारं कोणी नाही. जत्रेत तिच्या पायमोज्यांना बक्षीस मिळालेलं, आणि वाकडी वीण हे तिच्या लेखी चोरीपेक्षा मोठं पाप.

गुरुवारी दुपारी वेलिका त्यांच्याकडे पोचली. झाफिराने तव्यावरून उतरवलेली बटाट्याची जाड पोळी, पातात्निक, समोर ठेवली, वर दही. वेलिकाने एका हाताने दुसरा तुकडा उचलला, दुसऱ्या हाताने टोपलीतला नेदाचा पायमोजा. बोटं विणीवरून फिरू लागली आणि चावणं थांबलं.

सोमवारपर्यंत लाल गाठी अंगणातल्या कोंबड्यांसारख्या विखुरलेल्या होत्या: तीन एकत्र, मग मोकळं, मग दोन. मंगळवारी आणि बुधवारी मात्र दहाही गाठी एका ओळीत, अगदी सारख्या अंतरावर.

"झाफिरा, तुझं नातवंड सैन्यात भरती झालं का गं?"

"का? सगळ्या आहेत की."

"आहेत. पण पोटातलं पोर असं कवायत करत नाही. नेदा, या गाठी तू मारल्यास?"

नेदाने सासूकडे पाहिलं. "मी... मारल्या होत्या, मावशी."

"होत्या म्हणजे?"

झाफिरा स्वच्छ असलेलं टेबल पुसायला लागली. "काय करणार? वीण अगदीच गबाळी दिसत होती. पांढरंच पांढरं, आणि मधेच कुठेतरी एखादी गाठ. तू येणार, तो पायमोजा चार घरी दाखवणार. लोक म्हणतील झाफिराच्या सुनेला हात नाही. मी उसवलं आणि नीट विणलं."

"आणि गाठी?"

"शोभतील तशा घातल्या."

वेलिकाने पोळीचा तुकडा खाली ठेवला. अर्धा खाल्लेला. या घरात असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

"नेदा, पोरी, बाळ फिरतंय का?"

"कमी झालंय. पण आई म्हणाल्या, वाटेला लागायच्या आधी बाळ विसावा घेतं."

"विसावा म्हातारे घेतात. पोर शेवटच्या दिवसापर्यंत लाथा मारतं. आज सकाळपासून?"

नेदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काहीच नाही."

वेलिकाने तिला कुशीवर निजवलं, पोटावर लाकडी कर्णा टेकवला आणि कान लावला. झाफिरा फडकं हातात धरून उभी.

"वाजतंय ना? वाजतंय ना काळीज?"

"वाजतंय."

"मग! मी सांगत होते. मधाचं पाणी देते, उठेल आत्ता."

"काही द्यायचं नाही आणि वाट बघायची नाही. काळीज वाजतंय, पण भिंतीवरच्या घड्याळासारखं, एकाच चालीत. मला ते आवडत नाही. शहरात जायचंय, आत्ता." वेलिका उठली. "आणि तिथे पहिलं विचारतील, हालचाल कधीपासून आणि किती कमी झाली. झाफिरा, उसवण्याआधी गाठी किती होत्या?"

नेदाला नक्की आठवत नव्हतं. ती बिचारी सांगितल्याप्रमाणे नुसत्या गाठी मारत गेली होती. माहीत फक्त झाफिराला होतं.

"आहेत देवाच्या..."

"देवाला मधे आणू नकोस. उसवलं तू. वीस वर्षांपूर्वीच्या पायमोज्याची वीणसुद्धा तुला पाठ असते, आणि कालची आठवत नाही?"

झाफिराने एप्रनचं टोक मुठीत आवळलं. आयुष्यात तिने स्वतःच्या कोंबड्यासुद्धा कधी मोजल्या नव्हत्या.

"मंगळवारी सहा," ती म्हणाली. "काल... दोन. आणि पांढरं बोटांपासून कोपरापर्यंत आलं होतं." थुंकायचंही ती विसरली.

वेलिका सज्जात गेली आणि छाती भरून ओरडली, "आसेन! गाडी!" खाली लाकडाच्या वखारीत नेदाचा नवरा ओंडके चढवत होता. त्याच्यासकट सगळ्या खोऱ्याला ते ऐकू गेलं. दोघे-तिघे बादल्या घेऊन आग विझवायला धावले. आसेन अर्धवट भरलेला ट्रक ओंडक्यांसकट घेऊन आला. पुढे जागा तिघांची. मधे नेदा, कडेला वेलिका, आणि "मी येणार म्हणजे येणार" म्हणत झाफिरा थेट वेलिकाच्या मांडीवर.

तीस किलोमीटर वितळत्या बर्फाचा घाट. "जोरात!" वेलिका म्हणे. "हळू रे, मेल्या!" झाफिरा म्हणे. "आधी तुम्ही दोघी ठरवा!" आसेन ओरडे, आणि गाडी स्वतःच्या मनाने पळवी. नेदाने मात्र वेलिकाचा हात जो धरला होता, तो पोचेपर्यंत सोडला नाही.

इस्पितळाच्या दारातच वेलिकाने डॉक्टरला गाठलं आणि एका दमात सांगितलं: सदतीस आठवडे, सोमवारपर्यंत चांगलं, मंगळवारी सहा, काल दोन, आज शून्य. डॉक्टरने नेदाच्या पोटाला यंत्राचा पट्टा बांधला, सरकत्या कागदाकडे पाहत राहिला आणि मग शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितली. तासाच्या आत मुलगी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम, आधी निळी, आधी गप्प, आणि मग अशी रडली की बाहेर बाकावर बसलेल्या वेलिकाने मान डोलावली, एखाद्या उस्तादाला दाद द्यावी तशी.

डॉक्टर बाहेर आला. "बाळाला पोसणारी वार थकली होती. उद्यावर गेलं असतं तर..."

तो गेल्यावर वेलिका पायातले ओले बूट काढायला वाकली. पण भिजून घट्ट झालेली नाडीची गाठ तिला सुटेना. झाफिराने ते पाहिलं. ती जमिनीवर बसली, ती भलीमोठी पावलं एकेक करून मांडीवर घेतली आणि नाड्या सोडल्या.

चौथ्या दिवशी दोघी पुन्हा शहरात आल्या. प्रसूतीच्या विभागात कोणाला सोडत नसत. नातेवाइकांनी खाली अंगणात उभं राहायचं आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून नर्स बाळ दाखवणार. नर्सने गाठोडं वर धरलं. पानात गुंडाळलेल्या भातासारखं, मानेपर्यंत घट्ट.

"ओ बाई!" झाफिरा खालून ओरडली. "पाय मोकळे करा तिचे!"

नर्सने मान हलवली.

"अगं, रीत आहे इथली," वेलिका म्हणाली. "घट्टच बांधतात."

"रीत गेली चुलीत! मला तिची लाथ बघायचीय. एक तरी. त्याशिवाय मी इथून हलणार नाही, सांग त्यांना!"

आता मात्र वेलिकाने छाती भरून घेतली आणि तो निरोप वर पोचवला. सगळ्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. नर्सने घाईघाईने कापड सैल केलं. आतून एक इवलासा लाल पाय बाहेर आला, हवेत थांबला, आणि फाडकन नर्सच्या हनुवटीवर बसला.

झाफिराने भर अंगणात टाळी वाजवली. मग तोंडावर हात ठेवून वेलिकाला हळूच म्हणाली, "लागलं का गं त्या बाईला फार?"