करंगळी आणि डिमिनिश्ड सेव्हन्थ

“परत,” दिगंबरराव म्हणाले.

मी परत कॉर्ड धरली. सगळ्यात बारीक तार परत खरखरली.

तुळजापुरात आमच्या नाटक कंपनीचा मुक्काम होता. दिगंबरराव संगीत मास्तर, मी गिटारवाला. अणदूरची शाळामास्तरकी सोडून मी कंपनीत आलो, तेव्हापासून वडील माझ्याशी बोलत नव्हते.

नव्या नाटकात आईला मुलगा गेल्याचं कळतं. तिथं दिगंबररावांना डिमिनिश्ड सेव्हन्थ हवी होती. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले स्वर. हिच्यात चार स्वर, सगळे सारख्या अंतरावर. चार तारांवर चार बोटं. हाच आकार गिटारच्या दांडीवर तीन पडदे वर सरकवला, तरी तेच चार स्वर निघतात. त्यामुळं ऐकणाऱ्याला टेकायला जागाच मिळत नाही. जीव टांगणीला लागतो.

माझी करंगळी लहानपणी उसाच्या चरकात सापडलेली. ती नीट वाकायची नाही.

“तीन बोटांवर भागणार न्हाय का, मास्तर?”

“तीन सुरांत फक्त बाई रडेल. मला लोक रडायला हवेत.”

करंगळीला तेल चोळलं. दोऱ्यानं बांधून वाकवली. नुसती सुजली. एकदाच, तालमीत, कॉर्ड स्वच्छ लागली. आईचं काम करणाऱ्या यमुनाबाई बोलता बोलता थांबल्या. “अगं बाई, काळजातच गेलं की,” म्हणाल्या. त्या एका वेळेवर मी सगळी आशा ठेवली.

उस्मानाबादच्या प्रयोगात यमुनाबाई जमिनीवर कोसळल्या आणि मी कॉर्ड छेडली. करंगळी घसरली. तार बेडकासारखी बोलली. मागून कुणीतरी हसलं, मग सगळा तंबू हसला. पडदा पडेपर्यंत यमुनाबाईंनी तोंड वर केलं नाही.

सकाळी कंपनीच्या मालकांनी बोलावलं.

“तुमची मेहनत दिसती, गुरुजी. पण लोक दुःखाला हसले. आता नाटक कसं चालायचं?”

मी गिटार खोळीत घातली.

कंपनी येडशी स्टेशनावर बार्शीच्या गाडीत बसली. मी फलाटावर राहिलो. दिगंबररावांनी खिडकीतून हात धरला.

“कान चांगलाय तुमचा. त्याचाच त्रास होईल.”

तो झाला. शाळेतली जागा भरलेली होती. पुढं जन्मभर भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त केल्या. पुन्हा कधी कंपनीत वाजवलं नाही. गिटार शिकायला कुणी आलंच, तर मी त्याला आधी हात पसरायला सांगतो. बोटं बघतो. आवड किती आहे, ते नंतर विचारतो.