पारूच्या नावाचा बाक

महाळुंग्याच्या चौकात आज पेंटरनं माझ्या बायकोच्या, पारूच्या नावाच्या बाकाला हिरवा रंग दिला. ती जाऊन वर्ष झालं. रंगाचा वास नाकात गेला आणि मन थेट इंग्लंडात गेलं.

लेक सुनीता तिकडं लीड्सला नोकरीला. तिनं आम्हा दोघांना एक जुना, पडका मठ बघायला नेलं होतं. छप्पर कधीच गेलेलं, नुसत्या उंच कमानी आणि खाली गार गवत. चालून चालून पारूचे गुडघे धरले. कडेला एक बाक होता, त्याला पितळी पट्टी. सुनीता वाचून म्हणाली, "कुणाची तरी बायको वारली. तिला ही जागा आवडायची, म्हणून नवऱ्यानं ठेवलाय."

पारू बसली. मी दंडाला धरून उठवली. "मेलेल्या बाईच्या जागंवर बसतीस व्हय?"

"अवो, तुमी बी बसा की घडीभर. तिलाबी बरंच वाटंल."

माझा हेका मोठा. ती गाडीपर्यंत लंगडत आली.

"आबा, बसू नका, रंग वला हाय!" पेंटर ओरडला.

"असू दे रं," म्हणालो, आणि तिच्यापुरती जागा सोडून बसलो.