डिशवरची साडी

आज एअरोसिटी या नव्या वसाहतीतल्या आमच्या बाल्कनीत बायकोने खळ घातलेली साडी वाळत टाकली आणि त्या वासासरशी मी वीस वर्षं मागे, पंचकुल्यातल्या गच्चीवर जाऊन पोचलो.

खाली माझं ऑफिस, वर आमचं क्वार्टर. बाराच्या आत उपग्रहाच्या लिंकवरून दिल्लीला अहवाल जायला हवा होता आणि ती दळभद्री लिंक सकाळपासून सारखी तुटत होती. फाईल जवळजवळ पोचायची आणि पुन्हा पहिल्यापासून! फोनवर कंपनीचा माणूस "हो जाएगा जी, पक्का" एवढंच म्हणायचा. शेवटी वैतागून गच्चीवर धावलो, तर उपग्रहाच्या डिशवर, नागपूरहून राहायला आलेल्या आईची खळ घातलेली ओली नऊवारी पसरलेली.

"आई, काही कळतं का तुला?" मी केवढ्यांदा ओरडलो.

"अरे, इथे दिवसभर ऊन असतं, म्हणून..." म्हणत तिने साडी गोळा केली.

साडी निघाली, तरी लिंक आली नाही. संध्याकाळी कळलं, केबलच्या जोडात पाणी शिरलं होतं. सकाळपासूनचा बिघाड तोच.

हे मी आईला सांगितलंच नाही. नागपूरला परत जाईपर्यंत ती साड्या बाथरूममध्येच वाळवत राहिली.